३ जुलै १९७७ : माणसाच्या शरीराचा पहिला एमआरआय

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका वैद्यकीय प्रयोगशाळेत या दिवशी जिवंत माणसाच्या छातीचे पहिले एमआरआय चित्र मिळाले. यंत्र डॉ. रेमंड डॅमेडियन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी उभारले होते. त्याचे नाव ‘इंडोमिटेबल’, म्हणजे अजिंक्य. आधी डॅमेडियन स्वतः यंत्रात बसले, पण त्यांच्या स्थूल देहातून संकेतच मिळेना. मग सडपातळ बांध्याचा लॅरी मिन्कॉफ हा सहकारी बसला. एकेका बिंदूची नोंद घेण्यासाठी त्याला जागेवरून थोडे थोडे सरकवावे लागे. एका आडव्या छेदासाठी जवळपास पाच तास लागले! चित्र ओबडधोबड होते, तरी क्ष-किरणांशिवाय छातीच्या आतले दिसले, हे थोर यश होते.

या यशाची बीजे १९७१ मधली. शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांना चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींनी विचलित केले, की ती ठरावीक वेळात पूर्वस्थितीला येतात. उंदरांच्या गाठींमध्ये हा वेळ निरोगी ऊतींपेक्षा जास्त असतो, असे डॅमेडियन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले. आजची यंत्रे मात्र पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांच्या प्रतिमापद्धतीवर चालतात. २००३ चे नोबेल या दोघांनाच मिळाले. डॅमेडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध नोंदवला. नोबेल तिघांना देता येते. रोगनिदानाची वाट प्रथम दाखवणाऱ्याला तिसरी जागा नाकारणे अन्यायाचेच होते.

डॅमेडियन यांचे ३ ऑगस्ट २०२२ रोजी निधन झाले.