गोठ्यापासून दवाखान्यापर्यंत

शहरात दूध पिशवीतून दारी येते. त्यामुळे ते देणारी गाय गाभण कशी राहते, याचा विचार करण्याची आपल्याला कधी गरज पडत नाही. विषयही चारचौघांत बोलायला जरा अवघडच. परंतु ज्याच्या दावणीला एखाददुसरीच गाय आहे, त्याचा संसार या एका प्रश्नाशी बांधलेला असतो. गाय वेळेवर फळली तर ठीक. उलटली तर २१ दिवसांची वैरण फुकट, आणि पुढचे वेत तितकेच लांबणीवर.

गाईचा माज फार तर अठरा तासांचा. देशी गाईंत पुष्कळदा त्याहूनही कमी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी गाय भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, असा नियम आहे. म्हशीचे त्याहून कठीण. तिचा माज बहुधा मुका, आणि तोही रात्री-पहाटे. हे तास ध्यानात ठेवल्याशिवाय कृत्रिम रेतनाचा इतिहास नीट कळणार नाही, असे आम्हांस वाटते.

इटलीच्या स्पालान्झानीने अठराव्या शतकातच कुत्रीवर हा प्रयोग यशस्वी केला होता. त्याला व्यवहाराचे रूप आले ते १९३६ साली, डेन्मार्कच्या साम्सो बेटावर. तेथील शेतकऱ्यांनी त्यासाठी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि पहिल्याच वर्षी हजारावर गाई तिच्यात नोंदल्या गेल्या. संस्था त्यांची, माणूस त्यांनी नेमलेला. तो आला नाही तर जाब विचारणारेही तेच.

आपल्याकडे १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धालयात संपतकुमारन यांनी हळ्ळीकार गाईंवर हा प्रयोग केला. १९४२ पासून इज्जतनगरच्या संस्थेत संशोधन सुरू झाले आणि पुढे बंगळूर, कलकत्ता, पाटणा व माँटगोमेरी येथे केंद्रे निघाली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत 'की व्हिलेज' योजना आली. तिची एक बाजू उत्तम वळूंच्या पैदाशीची, तर दुसरी गावचे निकृष्ट वळू खच्ची करण्याची. मुंबई इलाख्यात तर वळूंसंबंधीचा कायदा १९३३ सालीच झाला होता. कायद्याने म्हणा, काळाने म्हणा, गावोगावचे वळू कमी होत गेले. ते वळू फारसे गुणवान नसतील. पण गावातच असत, आणि त्यांना सुट्टीचा वार ठाऊक नव्हता!

त्यांच्या जागी काय आले? जनावरांचा सरकारी दवाखाना. तो चार-सहा कोसांवर. गाय चालवत न्यायची, म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी बुडाली. तेथे पोचावे तर डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले, किंवा वेळ संपलेली. थंड करून ठेवलेले रेत दोन-तीन दिवसच उपयोगी पडे, म्हणून गावोगावी त्याचा साठाही करता येत नसे. बडा बागाईतदार डॉक्टरांना गाडी पाठवी. एका गाईवाल्याने काय पाठवावे? सरकारने त्याचा गावचा वळू घेतला आणि बदल्यात एक वचन दिले. ते वचन चांगले होते, पण कार्यालयीन वेळेत पाळले जाणारे होते.

यातून वाट निघाली ती काहीशी अपघाताने. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांच्या प्रयोगशाळेत बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि साखरेच्या द्रावणाऐवजी ग्लिसरीन वापरले गेले. त्यात गोठविलेले रेत पुन्हा सजीव झाले! पुढे ते उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रवायूत वर्षानुवर्षे टिकू लागले.

आता ते दुचाकीवरून नेता येणार होते. १९४६ साली गांधीजींबरोबर उरुळीकांचनला आलेले मणिभाई देसाई तेथेच राहिले होते. १९६७ साली त्यांनी 'बाएफ' संस्था स्थापिली. संकरित गाईंचा प्रसार हे तिचे मोठे काम खरेच. पण आमच्या मते त्याहून महत्त्वाची आहे ती दिशेची उलटापालट. गाय दवाखान्यात न नेता माणूस गोठ्यात आणायचा. २०१९ साली केंद्र सरकारनेही निवडक जिल्ह्यांत घरपोच व विनामूल्य रेतनाची देशव्यापी मोहीम सुरू केली.

तथापि पात्रातील नत्रवायू सतत उडून जात असतो. तो वेळेवर भरला नाही, किंवा कांडी वर काढून क्षणभर रेंगाळली, तरी बीज मरते. कांडी बाहेरून तशीच दिसते, पैसे तितकेच पडतात, वहीत नोंदही होते. शेतकऱ्याला कळते ते तीन आठवड्यांनी, गाय पुन्हा हंबरू लागल्यावर.