हा कुत्रा कोणाचा?

गल्लीच्या तोंडाशी एक भटका कुत्रा पडलेला असतो. येणारा-जाणारा त्याला वळसा घालून पुढे जातो. कोणी शिळी भाकरी टाकतो, कोणी दगड उचलतो. बहुसंख्य माणसे यांपैकी काहीच करीत नाहीत. मग एके दिवशी तो कुत्रा शाळेला निघालेल्या मुलाला चावतो, किंवा वाहनाखाली सापडून रस्त्याच्या कडेला विव्हळत राहतो. लोक गोळा होतात. सर्वांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो, 'हा कुत्रा कोणाचा?' 'कोणाचाच नाही' असे उत्तर मिळाले की गर्दी पांगते. जो कोणाचाच नाही त्याच्याविषयी कोणी उत्तरदायी नाही, असे आपण सारे गृहीत धरून चालतो.

हे गृहीतक तितकेसे निर्विवाद नाही. आपल्याच मुंबई शहरात एकदा या प्रश्नावरून दंगल पेटली होती. त्या घटनेची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही. परंतु तिच्यात आपल्या विचाराला खाद्य पुष्कळ आहे.

इ. स. १८३२ ची गोष्ट. मुंबईवर ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य होते आणि अर्ल ऑफ क्लेअर हे गव्हर्नर होते. मोकाट कुत्र्यांचा उपद्रव आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे भय यांमुळे उन्हाळ्याच्या दिवसांत अशी कुत्री मारून टाकण्याचा अधिकार पोलिसांना १८१३ च्या नियमाने मिळाला होता. या मोहिमेची मुदत १८३२ साली वाढविण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आणे ही त्या काळी गरिबाच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. साहजिकच कुत्री पकडणाऱ्यांचा उत्साह वाढला. रस्त्यावरची कुत्री सोडून ते लोकांच्या अंगणांत व घरांत शिरू लागले आणि पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले.

६ जून रोजी कोटात या प्रकाराचा स्फोट झाला. तो दिवस पारशी लोकांच्या सणाचा होता. कुत्री पकडणाऱ्या शिपायांना पारशांच्या जमावाने घेरले आणि मारहाण केली. दुसऱ्या दिवशी प्रकरण अधिकच चिघळले. दुकाने बंद झाली, व्यवहार थांबले, कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीकडे जाणारा शिधा अडविण्यात आला. पारशांबरोबर हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही या बंदात सामील झाले होते. अखेर सरकारने लष्कर बोलावले, पुष्कळांना अटक केली आणि दंगल मोडून काढली.

सरकारच्या दृष्टीने ही एका अंधश्रद्ध जमावाची बंडाळी होती. परंतु न्यायबुद्धीने पाहू जाता दोन्ही बाजूंना काही आधार होता, हे मान्य करावे लागते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या काळी कोणताच खात्रीचा उपाय नव्हता. लुई पाश्चर यांनी आपली लस माणसाला प्रथम टोचली ती १८८५ साली, म्हणजे त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी. तोवर या रोगाची लक्षणे दिसू लागली की मरण अटळ असे. (लक्षणे दिसल्यानंतरची ती स्थिती आजही जवळजवळ तशीच आहे.) तेव्हा सरकारला वाटणारी भीती खोटी नव्हती. दुसरीकडे, लोकांचा राग केवळ कुत्र्यांसाठी नव्हता. परक्या सत्तेचा शिपाई आठ आण्यांच्या लोभाने आपल्या उंबरठ्याच्या आत येतो, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली होती. तरीही कुत्रा हेच निमित्त का ठरावे? यासाठी पारशी धर्मग्रंथांकडे वळले पाहिजे.

जरथुष्ट्राच्या धर्मात कुत्र्याचे स्थान फार मोठे आहे. माणूस मरण पावल्यावर त्याच्या देहाकडे कुत्र्याला पाहावयास लावण्याचा 'सगदीद' नावाचा विधी त्यांच्यात आहे. मृतात्म्याला ओलांडाव्या लागणाऱ्या चिन्वत पुलाशी कुत्रे राखणीला असतात, अशीही श्रद्धा आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो 'वेंदिदाद' हा ग्रंथ. त्यातील तेराव्या व पंधराव्या प्रकरणांत कुत्र्याविषयीची माणसाची कर्तव्ये एखाद्या कायद्याच्या पुस्तकासारखी तपशीलवार सांगितली आहेत. मेंढपाळाचा कुत्रा, घराचा कुत्रा आणि बेवारशी भटका कुत्रा असे वेगवेगळे वर्ग तेथे केले आहेत. भटक्या कुत्र्याला निकृष्ट अन्न घालणे हे, दारी अतिथी म्हणून आलेल्या सत्पुरुषाला निकृष्ट अन्न वाढण्याइतकेच सदोष मानले आहे. घशात अडकेल असे कठीण हाड किंवा तोंड पोळेल असे गरम अन्न कुत्र्यापुढे टाकणे हाही अपराध आहे. गाभण कुत्रीच्या मागे धावून, ओरडून वा टाळ्या वाजवून तिला घाबरविणे हाही अपराधच.

याच ग्रंथात आपला प्रश्न जवळजवळ जशाच्या तसा विचारलेला आहे. एखादी बेवारशी कुत्री विण्याच्या बेतात रस्त्यावर पडली असेल, तर तिला सांभाळण्याची जबाबदारी कोणाची? उत्तर असे दिले आहे की, ज्याचे घर तेथून सर्वांत जवळ असेल त्याची. त्याने तसे केले नाही आणि अन्नावाचून पिल्ले मेली, तर दोष त्याच्या माथी येतो. ही जबाबदारी अमर्याद मात्र नाही. माणसाचे मूल सात वर्षे सांभाळावे, तसे कुत्र्याचे पिल्लू सहा महिने सांभाळावे, असा हिशेबही तेथे दिला आहे.

वाचकांनी या उत्तराकडे क्षणभर बारकाईने पाहावे. कुत्री कोणाच्या मालकीची आहे, असे तेथे विचारलेले नाही. तिला पूर्वी कोणी भाकरी घातली होती, हेही विचारलेले नाही. तिच्याविषयी कोणाला प्रेम वाटते, याचीही चौकशी नाही. केवळ अंतर मोजले आहे. जो जवळ आहे तो जबाबदार, कारण मदत करणे त्यालाच सर्वांत सोपे आहे आणि तिची अवस्था 'मला ठाऊक नव्हती' असे त्यालाच सर्वांत कमी म्हणता येते.

याच्या नेमकी उलट दिशा कंपनी सरकारच्या कायद्याची होती. त्या कायद्याच्या दृष्टीने प्राणी ही मालमत्ता. मालक असेल तर मालकाने पाहावे, मालक नसेल तर सरकारने पाहावे. आणि सरकारचे पाहणे म्हणजे दर नगास आठ आणे. या दोहोंमध्ये शेजाऱ्याला कोठेच जागा नाही. तो केवळ प्रेक्षक. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईच्या कोटात जी टक्कर झाली ती एका अर्थी या दोन उत्तरांची होती.

दंगल शमल्यावर जमशेटजी जीजीभाय प्रभृती पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला. कुत्री ठार न मारता शहराबाहेर हलवावीत, अशी तडजोड त्यातून निघाली. पुढे १८३४ साली जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. भुलेश्वरच्या गजबजाटात ती आजही आहे. एका पारशाने व एका जैनाने मिळून मुक्या जनावरांसाठी घर बांधावे, ही मुंबईच्या इतिहासातील भूषणावह गोष्ट होय.

तथापि, येथे एक प्रश्न स्वतःला विचारल्यावाचून राहवत नाही. ६ जूनला शिपायांना मारहाण करणाऱ्या जमावापैकी किती जणांनी त्याआधी आपल्या दारच्या कुत्रीची पिल्ले सहा महिने सांभाळली असतील? दगड मारण्यास एक दुपार पुरते. सांभाळण्यास सहा महिने लागतात. जमावाने कुत्र्याचे मरण थांबविले, त्याच्या जगण्याचा भार मात्र दोन वर्षांनी काही थोड्या धनिकांनी उचलला. शिवाय पांजरापोळीमुळे कुत्रा वाचतो हे खरे, पण गल्लीही मोकळी होते. 'त्यांच्यासाठी संस्था आहे' असे म्हणून जवळच्या घराला आपले दार लावून घेता येते. दयेची संस्था उभी राहिली म्हणून दयेचे कर्तव्य संपत नाही; ते संपले असे वाटण्याचा धोका मात्र निश्चित वाढतो.

हा धोका किती भयंकर रूप घेऊ शकतो, याचे उदाहरण इस्तंबूल शहराने दिले आहे. तेथील मोहल्ल्यांतून शतकानुशतके कुत्री लोकांच्या अन्नावर वाढत आली होती. १९१० साली नगर सुधारण्याच्या हेतूने सरकारने हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातील एका ओसाड, निर्जल बेटावर नेऊन सोडली. ती तेथे भुकेने व तहानेने मेली. त्यांचे केकाटणे वाऱ्याबरोबर शहरापर्यंत ऐकू येत असे. ज्यांच्या दारात ती वाढली होती तेच लोक ते ऐकत होते. कुत्रा दूर नेला की जबाबदारीही दूर जाते, अशी आशा फोल ठरते.

आता आजच्या काळाकडे येऊ. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्या नगरपालिकांचा उपाय मुख्यतः १८३२ चाच होता. कुत्री मारली जात. पण उकिरडे तसेच राहत आणि नवी कुत्री येत. २००१ साली केंद्र सरकारच्या नियमांनी ही पद्धत बदलली. कुत्री पकडावीत, त्यांचे निर्बीजीकरण करावे, रेबीजची लस टोचावी आणि जेथून आणली तेथेच परत सोडावीत, असे ठरले. त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. या नव्या नियमांनी परिसरातील कुत्र्यांच्या अन्नाची व्यवस्था करण्याची जबाबदारी तेथील रहिवाशांच्या संघटनेवर टाकली. वेंदिदादचे 'सर्वांत जवळचे घर' जणू गृहनिर्माण संस्थेच्या रूपाने कायद्यात परत आले! मध्यंतरी, २०२२ साली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असे म्हटले होते की, ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालावयाचे असेल त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश प्रथम दिला व अकरा दिवसांनी त्यात बदल केला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री परत सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक मात्र सोडू नयेत आणि अन्न ठरवून दिलेल्या जागीच घालावे, असे सुधारित आदेशात म्हटले होते.

या साऱ्या वादात एक विचित्र गोष्ट वारंवार घडते. जो खाऊ घालतो त्याच्याकडेच बोट दाखविले जाते. 'तुम्ही भाकरी टाकता, म्हणून ती येथे राहतात. आता ती चावली तर जबाबदार तुम्हीच.' या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. सायंकाळी चार पोळ्या टाकून पुण्य जोडले, आणि लस, शस्त्रक्रिया, पिल्ले यांचा विचारही केला नाही, तर ती अर्धीच दया होय. नामदेवांविषयी जी कथा सांगतात तीत ते भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावतात. त्या कथेत घेणे कुत्र्याचे आहे. धावणे मात्र नामदेवांचे आहे. आपल्याला भाकरी टाकणे जमते, धावणे जमत नाही.

परंतु खाऊ घालणाराच तेवढा जबाबदार, असे म्हटले की त्याचा दुसरा अर्थ असा होतो की, ज्याने कधीच काही केले नाही तो निर्दोष. कनवाळूला दंड आणि उदासीनाला सूट! असा न्याय लोकांना दार लावून घेण्याचे शिक्षण देईल. वास्तविक गल्लीतील कुत्र्यांची संख्या चार पोळ्यांवर ठरत नाही. ती आपण सर्वांनी उघड्यावर टाकलेल्या उष्ट्यावर, मासळीच्या व खाटकाच्या कचऱ्यावर ठरते. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे १९९० च्या दशकापासून देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. त्यांच्या वाट्याची मेलेली गुरे कुत्र्यांना मिळू लागली, आणि पारशांच्या दख्म्यांवरचे आकाशही रिते झाले. ते औषध देणाऱ्या एकाही शेतकऱ्याच्या मनात असे काही नव्हते. दुरून पाहणारा असा खरोखर कोणीच नाही. प्रत्येकाचा थोडा थोडा हात त्यात आहे.

कुत्र्याच्या बाजूने बोलताना चावल्या गेलेल्या मुलाचा विसर पडणे, हे मात्र मोठे पाप ठरेल. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि संशयित जनावरांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. ही मुले बहुधा ज्या वस्त्यांतील असतात तेथे ना कुंपण असते, ना पहारेकरी. वेंदिदादने ही बाजूही सोडलेली नाही. पिसाळलेल्या कुत्र्यावर, एखाद्या आजारी धर्मबांधवावर करावे तसे उपचार करून पाहावेत. तो ऐकत नसेल तर त्याच्या गळ्यात लाकडी खोडा घालून त्याला जखडावे. आणि मोकळा राहून तो विहिरीत वा नदीत पडून मेला तर दोष माणसांचाच, असे तेथे सांगितले आहे. दया आणि बंदोबस्त ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत, ही जाण त्या प्राचीन ग्रंथकर्त्यांना होती. आज खोड्याच्या जागी लस आली आहे. एखाद्या भागातील शेकडा ७० कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते. यात कुत्र्याचे आणि मुलाचे हित एकच आहे.

तेव्हा बघ्यांवर जबाबदारी येते काय, या प्रश्नाचे उत्तर, माझ्या मते, होय असेच द्यावे लागेल. ही जबाबदारी मालकाची नव्हे. ती शेजाऱ्याची आहे, म्हणून मर्यादित आहे. कुत्रा घरात घ्यावा असे ती सांगत नाही. आजारी कुत्रा दिसला तर पालिकेला कळवावे, लस देणारी गाडी आली तर त्याला धरण्यास हात लावावा, उष्टे झाकून ठेवावे, चावलेल्या मुलाची जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, इतकेच ती मागते. एकट्या घराला हे जड जाईल, आळीला जड जाणार नाही. पालिकेचे कर्तव्य यामुळे कमी होत नाही. उलट, जागे शेजारी असल्यावाचून पालिका जागी होत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

१८३२ च्या मुंबईने शिपायाला अडविले, १८३४ च्या मुंबईने पांजरापोळ बांधली. तिसरे काम अद्याप बाकी आहे, आणि ते दंगलीने किंवा देणगीने होण्यासारखे नाही. पुढच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी गर्दी जमून 'हा कुत्रा कोणाचा?' असे कोणी विचारील, तेव्हा आपण मालकाला शोधू नये. सर्वांत जवळचे घर कोणते, ते पाहावे. बहुधा ते आपलेच असेल.