कुंडीतली नीळ, डब्यातला पिवळा : घरगुती वनस्पतिरंगांच्या अभ्यासाची प्रस्तावना

घरी कापड रंगवायला शिकू पाहणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, ‘कोणती रोपे लावू?’ या प्रश्नाचे माझे उत्तर ठरलेले आहे : आधी ओल्या कचऱ्याचा डबा पाहा, कुंडीचे नंतर बोलू. मीरा रोड पूर्वेकडच्या बेव्हर्ली पार्कसारख्या वस्तीत अंगण, परस किंवा विहीर नाही. खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये बसतील तेवढ्या कुंड्या, हीच तिथली जमीन. पण त्याच घरातून रोज कांद्याची टरफले, डाळिंबाच्या साली आणि चहाचा चोथा बाहेर जातो, दसऱ्यानंतर झेंडूची तोरणे जातात, आणि रस्त्याकडेच्या देशी बदामाची लालसर पाने सफाई कामगाराच्या झाडूखाली जातात. हे सगळे रंगद्रव्य आहे. म्हणून या विषयात शिरताना मी एकच नियम सांगते : जे डब्यात किंवा वाण्याकडे मिळते ते लावू नका, तिथे मिळत नाही तेच लावा. ग्रिलमधली जागा मोलाची आहे. या नियमाने पाहिले तर शहरी घराने मुद्दाम लावावी अशी वनस्पती मुख्यत्वे एकच उरते, ती म्हणजे नीळ. तिच्याकडे येईनच.

त्याआधी एक भेद समजून घ्यायला हवा. कापडावर डाग पडणे वेगळे आणि रंग चढणे वेगळे. बिटाचा रस, जास्वंदीच्या पाकळ्या, गोकर्णाची निळीशार फुले यांचे पाणी इतके गडद दिसते की नवशिक्याचा जीव त्यांच्यातच अडकतो. पण गोकर्ण आणि जास्वंद यांतली अँथोसायनिने आम्ल-अल्कली बदलताच रंग बदलतात, उन्हात फिकी पडतात आणि साबणापुढे टिकत नाहीत. मुलांना आम्ल-अल्कली शिकवायला गोकर्ण उत्तम आहे, पण ओढणी रंगवायला ती घेऊ नये. उलट कांद्याच्या टरफलाचे पाणी पाहून कोणाला फारशी अपेक्षा वाटत नाही, आणि तेच तुरटी दिलेल्या कापडावर पक्का सोनेरी तपकिरी रंग देते, कारण त्यात क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉल असते आणि ते धातूच्या आयनाशी घट्ट बांधले जाते. हळद या दोन्हींच्या मधली आहे. ती कसल्याही मदतीशिवाय कापडाला लागते, धुण्यात बऱ्यापैकी टिकते, पण उन्हात झपाट्याने उतरते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे कुंकू करणाऱ्यांना रसायनशास्त्राच्या पुस्तकांआधीच ठाऊक होते.

या सगळ्याला अभ्यासाचे क्षेत्र म्हणायचे कारण असे की रंग एकट्या वनस्पतीत नसतो. धागा, रंगबंधक (रंग धाग्याला बांधणारी तुरटी किंवा हिराकस), वनस्पती आणि पाणी या चौघांच्या संबंधातून तो तयार होतो. एकाच झेंडूच्या अर्कात तीन तुकडे बुडवा. तुरटी दिलेला तुकडा पिवळाधमक निघेल, हिराकस दिलेला हिरवट करडा होईल आणि काहीच न दिलेला दोन-चार धुण्यांत फिका पडेल. किनाऱ्याजवळच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात आणि नळाच्या पाण्यात छटा सारखी येत नाही. पाण्यात लोह असेल तर स्वच्छ पिवळा हाती लागतच नाही.

ही जाण महाराष्ट्राला नवी नाही. रंगारी आणि भावसार समाजांनी कापड रंगवण्या-छापण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. निराळी समाजाचा तर व्यवसायच निळीचा होता. खानदेश-वऱ्हाडात लाल रंगासाठी आल लावला जाई. वनस्पतिशास्त्रात तो मोरिंडा सिट्रिफोलिया, म्हणजे आज नोनी म्हणून ज्याच्या रसाच्या बाटल्या विकल्या जातात त्याच जातीचे झाड. त्याचा रंग मुळांत असतो, म्हणून झाड काही वर्षे वाढवून उपटावे लागे. करडईच्या पाकळ्यांतून कुसुंबी रंग निघे : आधी पाण्यात पिवळा धुऊन काढायचा, मग खाराच्या पाण्यात लाल सोडवायचा आणि शेवटी आंबट घालून तो कापडावर उतरवायचा. या तीन पायऱ्या ज्याने पहिल्यांदा जुळवल्या त्याच्या निरीक्षणशक्तीपुढे मला आजही नम्र व्हावेसे वाटते. मराठवाडा-सोलापूरकडे करडई अजून तेलासाठी पिकते, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिचे बिनकाटेरी वाण विकसित केले आहे. पाकळ्या खुडणाऱ्या हातांना ते फार सोयीचे आहे.

मग हे ज्ञान गेले कुठे? 1856 मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग केला. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझरिन प्रयोगशाळेत बनवले, आणि मुळांतून लाल काढणाऱ्या सगळ्या शेतीचा पाया खचला. 1896 मध्ये सी. जी. एच. फॉसेट या मुलकी अधिकाऱ्याचा मुंबई इलाख्यातील रंग आणि रंगकाम या विषयावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी, 1897 मध्ये, जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. म्हणजे आपल्या इलाख्यातल्या रंगकामाची ही नोंद झाली ती ऐन ओहोटीच्या वेळी. आज या विषयात काम करणाऱ्याने फॉसेट जरूर वाचावा, पण तो अधिकाऱ्याच्या नजरेने लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवून. रंगाऱ्याच्या बोटांना जे कळत होते, ते अशा प्रबंधात पूर्ण उतरणे शक्य नव्हते.

कृत्रिम रंगांचे रसायनशास्त्र आणि वनस्पतिरंग यांना एकमेकांचे शत्रू मानण्याची फॅशन आहे. ती मला मान्य नाही. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झालेले के. वेंकटरामन यांचे कृत्रिम रंगांवरचे ग्रंथ जगभर वापरले गेले. फ्लॅव्होन वर्गातली संयुगे बनवण्याची जी अभिक्रिया त्यांच्या नावाने ओळखली जाते, तो वर्ग झेंडू आणि कांदा यांतल्या पिवळ्या द्रव्यांचा जवळचा नातेवाईक आहे. लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या लाल रंगाची रचना उलगडण्याचे कामही पुण्यात त्यांच्या गटाने केले. घरच्या पातेल्यात काय घडते हे आपण आज नेमके सांगू शकतो, ते अशा संशोधकांमुळे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सुरुवात मांजरपाटाने करावी. तो स्वस्त असतो आणि त्याच्यावर चूक-बरोबर लगेच दिसते. आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढायची. खळ राहिली तर पुढचे सगळे व्यर्थ. मग हिरडा. सुती धाग्याला तुरटी नीट धरून ठेवता येत नाही. रेशीम आणि लोकर ही प्रथिने असल्याने त्यांना ते जमते, कापूस सेल्युलोज असल्याने त्याला मध्यस्थ लागतो. हिरड्यातले टॅनिन कापसाला चिकटते आणि तुरटी टॅनिनला. 100 ग्रॅम कापडाला 15 ते 20 ग्रॅम हिरड्याची पूड आणि नंतर 15 ग्रॅम तुरटी, हे प्रमाण घरच्या कामाला पुरते. हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत तो गोळा करणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांच्या उत्पन्नाचा तो आधार आहे, म्हणून त्याच्या भावात घासाघीस करू नये असे मला वाटते. हिराकस मात्र जपून : 100 ग्रॅमला 1-2 ग्रॅम पुरे. जास्त झाले की रंग काळवंडतो आणि धागाही कुजतो. हिराकस नको असेल तर गंजके खिळे गुळाच्या पाण्यात झाकून आंबवावेत. छपाईतला काळा आपल्या कारागिरांनी असाच केला.

आणि मीठ? मीरा-भाईंदरसारख्या मिठागरांच्या गावात सांगायला हवे की मिठाने वनस्पतिरंग पक्का होत नाही. काही कृत्रिम रंगांना कापसावर चढायला मिठाची मदत होते. तिथून ही समजूत इकडे आली असावी. इथे मीठ घालून फक्त सांडपाणी खारट होते.

झेंडूसाठी दसरा गाठावा. पावसाळ्यात या किनाऱ्यावर काही वाळत नाही, बुरशी धरते. दसऱ्याच्या सुमारास मात्र ऑक्टोबरची कोरडी तलखी सुरू झालेली असते. तोरणातली फुले सावलीत पसरून कुरकुरीत वाळवली आणि कागदी पिशवीत भरली की वर्षभराचा पिवळा घरात आला. मुंबईत रूपा त्रिवेदी यांच्या ‘आदिव प्युअर नेचर’ या उपक्रमाने सिद्धिविनायकाला वाहिलेल्या फुलांतून कापड रंगवून दाखवले आहे, तेव्हा सोसायटीच्या गणपतीचे निर्माल्य आपल्या आवाक्याबाहेर नाही. पारिजातक सोसायटीच्या आवारात असेल तर सकाळचा सडा वेचून केशरी देठ वेगळे करावेत. त्यांतले द्रव्य केशरातल्या द्रव्याच्याच कुळातले आहे. रंग नाजूक येतो, रोजच्या वापरासाठी नव्हे. पिवळा-नारिंगी कॉसमॉस कुंडीत लावायचा मोह होईल, कारण रंग सुरेख देतो. पण हे मेक्सिकोकडचे झाड सह्याद्रीच्या उतारांवर तणासारखे पसरते आहे. त्याचे बी विकत आणण्याऐवजी डोंगरातली फुले बी धरण्याआधी खुडून आणावीत, म्हणजे दोन कामे होतील.

नीळ मात्र लावावीच. तिच्याशिवाय निळा नाही, आणि निळा नसेल तर हिरवाही नाही, कारण टिकाऊ हिरवा पिवळा आणि निळा एकावर एक चढवूनच मिळतो. बियांचे कवच कठीण असते. ते किंचित घासून बी रात्रभर पाण्यात ठेवावे आणि पावसाच्या तोंडावर पेरावे. दिवसाचे पाच-सहा तास ऊन येणारी खिडकी लागते. खत फारसे लागत नाही, कारण ती शेंगवर्गीय असून मुळांवरच्या गाठींत नत्र साठवते. साधारण तीन महिन्यांनी, फुलोरा येण्याआधी, पाला कापायचा. बुडखा ठेवला तर पुन्हा फुटतो. पाला पाण्यात भिजून आंबला की त्यातले इंडिकन फुटून इंडॉक्सिल होते. ते पाणी घुसळून हवा दिली की निळा गाळ खाली बसतो. हा गाळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून कापड रंगवताना चुना आणि गूळ घालून त्याचे क्षपण करावे लागते. दक्षिणेकडील रंगारी यासाठी टाकळ्याच्या बियाही वापरत. कापड भांड्यातून पिवळट हिरवे बाहेर येते आणि हवेत पाहता पाहता निळे होते. किलोभर पाल्यातून काही ग्रॅमच नीळ निघते, तेव्हा ग्रिलमधल्या कुंड्यांतून साडी रंगणार नाही. दोऱ्याच्या थोड्या लडी रंगतील. मोठ्या कामाला तामिळनाडूतून येणारी नैसर्गिक निळीची वडी घ्यावी. घरचे पीक रंग समजण्यासाठी आहे, आणि तेवढ्यासाठी ते पुरेसे आहे.

‘नैसर्गिक’ म्हटले की सगळे निर्दोष, हा समज इथेच सोडून द्यावा. मोरचूद आणि डायक्रोमेट हे रंगबंधक घरात आणू नयेत, जुन्या कृतींत असले तरी. वालधुनी नदी उल्हासनगरच्या जीन्स रंगवण्या-धुण्याच्या कारखान्यांचे पाणी घेऊन उल्हासला मिळत आली, आणि उल्हास वसईच्या खाडीतून भाईंदरच्या पुलाखालून समुद्राकडे जाते. त्या खाडीकाठी राहणाऱ्यांनी आपल्या मोरीतून काय जाते याचा हिशेब ठेवलाच पाहिजे. पाणीही मोजून वापरावे. मीरा-भाईंदरमध्ये त्याची टंचाई सर्वांना ठाऊक आहे. हिरड्याचे पाणी आणि शेवटचे धुतलेले पाणी पुढच्या खेपेला चालते. गॅस वाचवायला बरणी उन्हात ठेवून सावकाश रंग काढता येतो. भांडी स्टीलचीच घ्यावीत, कारण तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम स्वतःच रंग बदलतात. एकदा रंगाला वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात नको. शेजारच्या तिवरांच्या सालीत टॅनिन भरपूर आहे आणि सुती जाळी टिकवण्यासाठी कोळी लोक झाडांच्या सालीचा काढा पूर्वी वापरत, पण आज तिवरांना न्यायालयाचे आणि कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना आणि राष्ट्रीय उद्यानातल्या कुठल्याही झाडाला हात लावू नये. खाली पडलेल्या बदामाच्या पानांतून टॅनिन मिळते. त्यावर हिराकस दिले की करडा-काळा येतो.

रंगवलेल्याचे काय करायचे? माझे मत गोधडीच्या बाजूने आहे. जुनी सुती लुगडी, रंगवलेले मांजरपाटाचे तुकडे आणि निळीत बुडवलेल्या दोऱ्याचा धावदोरा एवढ्यात ती होते, आणि पहिल्या प्रयत्नातला डागाळलेला तुकडाही तिच्यात शोभतो. बाजाराच्या पिशव्या, रुमाल आणि राखीचा दोरा हे आणखी सोपे. मुलांसाठी हिरडा आणि हिराकस यांची शाई करावी. लिहिताना फिकी दिसते आणि हवेत काळी होते. मात्र लोहामुळे ती कागद हळूहळू खाते, तेव्हा जपून ठेवायचा मजकूर तिने लिहू नये.

शेवटी वाचकांना एक विनंती. एक वही करा. प्रत्येक रंगाचा तुकडा तिच्यात टाचा आणि बाजूला तारीख, कापडाचे वजन, वनस्पतीचे वजन, रंगबंधक आणि पाणी नळाचे की बोअरचे, हे लिहा. तोच तुकडा अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून पंधरवडाभर खिडकीत ठेवा आणि उन्हात किती उतरला तेही नोंदवा. फसलेले तुकडे फाडून टाकू नका, त्यांच्याही नोंदी ठेवा. आणि ही वही कपाटात ठेवू नका, मजल्यावरच्या शेजाऱ्यांना वाचायला द्या आणि त्यांची मागून घ्या.