जमिनीत पुरलेली गाडी

१५ जून १९५७. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा शहर. कोर्टाच्या आवारातल्या हिरवळीत एक मोठा खड्डा खणलाय आणि त्यात एक कोरी करकरीत गाडी उतरवली जातेय. प्लिमथ बेल्व्हेडेर. दोन दारांची, सोनेरी आणि पांढऱ्या रंगाची, मागे माशाच्या परासारखे लांबलचक पंख असलेली.

ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळून ५० वर्षं झाली होती, त्याचा हा उत्सव. कल्पना अशी की गाडी ५० वर्षं जमिनीखाली ठेवायची आणि २००७ साली बाहेर काढायची. सोबत एक स्पर्धाही होती. २००७ मध्ये टल्साची लोकसंख्या किती असेल याचा अंदाज लिहून द्यायचा, ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा त्याला (किंवा त्याच्या वारसांना) गाडी मिळणार!

तेव्हाच्या लोकांनी काय काय विचार केला होता ते वाचून गंमत वाटते. २००७ पर्यंत पेट्रोल मिळेनासं झालं तर? म्हणून गाडीबरोबर पेट्रोलचे डबे ठेवले. ग्लव्ह बॉक्समध्ये त्या काळच्या बाईच्या पर्समध्ये सापडतील अशा वस्तू ठेवल्या, लिपस्टिक, केसांच्या पिना वगैरे. बिअरचा एक खोकाही ठेवला :-) आणि काळ होता शीतयुद्धाचा, त्यामुळे खड्ड्यातली काँक्रीटची पेटी अणुहल्ल्यातही टिकेल अशी बांधल्याचं अभिमानाने सांगितलं गेलं. गाडीला गंजरोधक लेप लावला, वरून प्लॅस्टिकसारख्या आवरणात गुंडाळली, आणि झाकण बंद.

अणुबॉम्ब काही पडला नाही. पाणी मात्र आलं.

जून २००७ मध्ये झाकण उचललं तेव्हा पेटीत काही फूट पाणी साचलेलं होतं. भिंतींवरच्या खुणा सांगत होत्या की मधल्या काळात कधीतरी अख्खी गाडी बुडालेली होती. सभागृहात हजारो लोक जमले होते. सगळ्यांसमोर आवरण काढलं, आणि आतून निघाला चिखल आणि गंजाने माखलेला सांगाडा. सीट्स कुजून गेल्या होत्या, इंजिन जाम. स्पर्धा जिंकणारे गृहस्थ १९७९ सालीच वारले होते, त्यामुळे गाडी त्यांच्या वृद्ध बहिणींकडे गेली. पुढे न्यू जर्सीतल्या गंज काढणाऱ्या एका व्यावसायिकाने खूप खपून वरचा थर काढला. खालून काही ठिकाणी मूळ रंगही निघाला! पण पत्रा आणि चॅसी इतकी खिळखिळी झालेली की ती पुन्हा रस्त्यावर येणं शक्य नव्हतं. आता ती इलिनॉय राज्यातल्या एका संग्रहालयात आहे.

आता मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट सांगतो. त्याच पेटीत, त्याच पाण्यात, गाडीच्या शेजारी पोलादाची एक बंद कुपी ठेवलेली होती. वेल्डिंग करून पूर्ण सील केलेली. ती उघडली तर आतला झेंडा, कागदपत्रं, सगळं व्यवस्थित! म्हणजे ५० वर्षांत साधारण दीड टन लोखंडाची वाट लागली आणि कागद मात्र शाबूत राहिला.

असं का झालं? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

लोखंड गंजायला धो धो पाऊस लागत नाही, दमट हवाही पुरते. १९२० आणि ३० च्या दशकांत ब्रिटनमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या संशोधकाने लोखंडाचे तुकडे वेगवेगळ्या आर्द्रतेच्या हवेत ठेवून पाहिले. त्याला आढळलं की सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असली तर गंज जवळजवळ चढतच नाही. ती रेषा ओलांडली आणि हवेत कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू असला, की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. म्हणजे आपल्या भाषेत थ्रेशोल्ड आहे.

दुसरी गोष्ट दवाची. ३० अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, २० अंशाला फक्त १७ ग्रॅम. त्यामुळे दिवसा उबदार आणि दमट असलेली हवा रात्री गार झाली की उरलेलं बाष्प पाणी होऊन सगळ्यात थंड पृष्ठभागावर बसतं. गाडीच्या बाबतीत तो पृष्ठभाग म्हणजे पत्रा. हवा खेळती असेल तर सकाळी ते पाणी उडून जातं. बंद आवरणाखाली असेल तर जाणार कुठे? तिथेच थांबतं, आणि रोज रात्री तोच खेळ.

हे सगळं १९५७ मध्ये अमेरिकेला माहीत होतं, हे विशेष. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांच्याकडे हजारो विमानं आणि शेकडो जहाजं अचानक रिकामी झाली. फेकायची नव्हती, वापरायचीही नव्हती. नौदलाने जहाजं बंद केली आणि आत हवा कोरडी करणारी यंत्रं बसवून आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवली. विमानांसाठी १९४६ मध्ये ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराजवळचा डेव्हिस-मॉन्थन तळ निवडला. तिथे वर्षाला जेमतेम ११-१२ इंच पाऊस, हवा कोरडी, आणि जमीन इतकी टणक की फरसबंदी न करता विमानं उभी करता येतात. आजही तिथे हजारो विमानं उघड्यावर उभी आहेत. काचा आणि वरच्या फटींवर पांढरा, नंतर सोलून काढता येणारा लेप देतात, म्हणजे धूळ आत जात नाही आणि उन्हाने आतला भाग तापत नाही. पण पोटाकडून हवा जायला-यायला वाट ठेवतात. यातली कित्येक विमानं नंतर पुन्हा उडाली आहेत.

म्हणजे वस्तू टिकवायचे दोन रस्ते आहेत. एकतर त्या कुपीसारखं पूर्ण बंद करा, ओलाव्याचा कणही आत जाणार नाही असं. नाहीतर टूसॉनसारखं मोकळं ठेवा, म्हणजे आत गेलेला ओलावा बाहेर पडेल. टल्साच्या गाडीच्या नशिबी आला तो तिसरा प्रकार, अर्धवट बंद. काँक्रीट सच्छिद्र असतं, कालांतराने त्याला भेगाही जातात. पाण्याला आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती. जी पेटी गाडीचं रक्षण करायला बांधली, तीच हौद झाली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये मला दर पावसाळ्यात बऱ्याच छोट्या टल्सा दिसतात. मालक सहा महिन्यांसाठी ऑनसाइट, आणि गाडी जाड प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घट्ट बांधलेली, तीही मातीवर किंवा गवतावर. जमिनीतली वाफ वर येते, कव्हरला आतून अडते, रात्री पत्र्यावर बसते. पावसापासून गाडी वाचली असं मालकाला वाटतं, पण ओलावा त्यानेच आत कोंडलेला असतो. त्यापेक्षा फरशीवर उभी केलेली, हवा जाणाऱ्या कापडी कव्हरखालची गाडी बरी. आणि घरच्या कुणाकडे तरी किल्ली देऊन, कोरड्या दिवशी दारं उघडून ती अर्धा-एक तास चालवून आणायला सांगितलं तर फारच उत्तम. पुणे-मुंबईत जून ते सप्टेंबर हवा ती ६० टक्क्यांची रेषा बहुतेक वेळ ओलांडूनच असते, त्यामुळे आपल्याला टूसॉनची चैन परवडणारी नाही.

बाकी टल्साच्या लोकांना हसू नये असं मला वाटतं. आपल्या न जन्मलेल्या नातवंडांसाठी एक नवी गाडी ठेवून द्यावी, पेट्रोलसकट, यात केवढा जिव्हाळा आहे! फक्त त्यांनी सगळी तयारी केली ती न आलेल्या शत्रूसाठी. नेहमीचा शत्रू, म्हणजे पाणी, इतका साधा होता की त्याच्यासाठी खास काही करावं असं बहुधा वाटलंच नाही. आपल्या कामातही आपण मोठ्या हल्ल्याची भिंत बांधतो, आणि सर्व्हर पडतो तो डिस्क भरल्यामुळे.

टल्साने मात्र हार मानलेली नाही. १९९८ मध्ये त्यांनी आणखी एक गाडी बंद करून ठेवली, प्लिमथ प्राउलर. या वेळी पेटी जमिनीच्या वर आहे. मधल्या काळात, २००१ साली प्लिमथ हा ब्रँडच बंद झाला. पेटी उघडायची तारीख आहे २०४८. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा रिटायर झालेले असू, बघायला वेळच वेळ असेल :-)