दि (संस्था व सभास्थळांच्या नावांतील)

दि : (रूपभेद : दी, द, धि, धी). इंग्रजीतील निश्चयवाचक उपपद देवनागरीत लिहिण्याची रूढ पद्धत. बँका, शाळा, शिक्षणसंस्था, नाट्यसंस्था, हॉटेले व सभागृहे यांच्या नावांच्या आरंभी ते आढळते. मराठीत उपपद नाही आणि देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे सभागृहाचे नाव वाक्याच्या मध्ये आले तर त्याआधीच्या उपपदाचे पहिले अक्षर मोठे काढायचे की लहान, हा इंग्रजी संपादकांचा नेहमीचा वाद मराठी मुद्रितशोधकाच्या वाट्याला येत नाही. पण नाव नेमके कोठून सुरू होते, हा त्यामागचा प्रश्न त्यालाही सुटत नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पाट्या, निमंत्रणपत्रिका आणि वार्षिक सभांच्या नोटिसा पाहिल्या, की तो चांगलाच जाणवतो.

खानदेशात ‘दि’ रुळले ते मुख्यतः सहकारी बँकांमुळे. १९३३ साली स्थापन झालेली दि जळगाव पीपल्स को-ऑप. बँक किंवा दि अमळनेर को-ऑप. अर्बन बँक ही नावे नोंदणीच्या वेळी इंग्रजीत बेतली गेली आणि मग देवनागरीत उतरवली गेली. नाव मुळातच मराठीत घडले, तर हे उपपद सहसा लागत नाही. ‘जळगाव जनता सहकारी बँक’ हे त्याचे उदाहरण. अर्थात हा नियम नव्हे. अस्सल मराठी नावापुढे केवळ भारदस्तपणासाठी ‘दि’ चिकटवलेल्या पतसंस्थाही कमी नाहीत.

लेखनाच्या दृष्टीने ‘दि’ हे रूप दोन्हीकडून अडचणीचे आहे. इंग्रजी उच्चाराप्रमाणे स्वरापूर्वी ‘दि’ आणि व्यंजनापूर्वी ‘द’ हवा. म्हणजे ‘दि अमळनेर’ बरोबर आणि ‘दि जळगाव’ चूक. पण पाटी रंगवणाऱ्याने हा भेद कधीच पाळला नाही. मराठी साहित्य महामंडळाचे व राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले लेखननियम लावले, तर शब्दाच्या अंती येणारा इकार दीर्घ हवा, म्हणजे ‘दी’. ‘आणि’ व ‘नि’ हे त्याला अपवाद. त्यांत ‘दि’ बसत नाही. तरीही ऱ्हस्व ‘दि’च टिकला, कारण नोंदणीपत्र, शिक्का आणि पासबुक यांवर तो एकदा छापला गेला होता. ‘धि’ व ‘धी’ ही रूपे मुंबईकडील जुन्या पाट्यांवर अधिक दिसतात. गुजराती लिपीतही तसेच लिहिण्याची पद्धत आहे. मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला हे रूप १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या धि गोवा हिंदु असोसिएशनमुळे ठाऊक आहे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) आणि ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकांच्या जाहिरातींवर हेच नाव असे.

‘दि’ची खरी गंमत सभेच्या नोटिशीत पाहावी. मराठीत टिंब दिलेला ‘दि.’ म्हणजे दिनांक. त्यामुळे ‘दि अमुक बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा दि. अमुक रोजी’ अशा एकाच ओळीत दोन्ही येतात आणि त्यांच्यातला फरक एका टिंबावर उभा असतो. छापखान्यात टिंब इकडचे तिकडे झाले तर बँकेचे नाव तारखेसारखे दिसू लागते. मोठ्या अक्षराची सोय नसलेल्या लिपीत हा घोटाळा टाळण्याचा एकच सोपा मार्ग आहे, तो म्हणजे तारखेपूर्वीचा ‘दि.’ गाळणे. ‘रोजी’ हा शब्द असताना त्याची गरजही नसते.

बोलण्यात हे उपपद राहत नाही. ‘पीपल्स बँकेत जाऊन येतो’ असेच जळगावचा माणूस म्हणतो; अहिराणीत ते ‘बँकमा’ होते. संक्षेपातही ते गळते : जळगाव जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला सगळे ‘जेडीसीसी’ म्हणतात, त्यात उपपदाचे अक्षर नाही. या कसोटीवर ‘दि’ नावाच्या बाहेरचा ठरतो.

हीच कसोटी मराठी नावांच्या आधी येणाऱ्या बिरुदांना लावली, तर उत्तर वेगळे मिळते. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले, तेव्हा ‘कवयित्री’ हा शब्द अधिकृत नावातच घातला गेला. स्थानिक वृत्तपत्रे आज ‘कबचौउमवि’ असा संक्षेप करतात. त्यातला पहिला ‘क’ कवयित्रीचा. संक्षेप उच्चारायला अवघड असला, तरी बिरुद नावाचा भाग झाल्याची त्याहून स्पष्ट खूण नाही. धुळ्यात याउलट घडले. राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या पाटीवर ‘इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ’ असे नाव असले, तरी धुळेकरांसाठी ते ‘राजवाडे मंडळ’च आहे. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्याच्या स्थळाचे नाव ‘पूज्य साने गुरुजी साहित्य नगरी’ होते. येथे ‘गुरुजी’ नावातून काढता येत नाही, ‘पूज्य’ मात्र बातमीत अनेकदा सुटतो. जळगावचे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह, धुळ्याचे राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, पांझरेकाठची श्री एकवीरा देवी ही सगळी याच प्रकारची उदाहरणे. बिरुद गाळण्याने येथे व्याकरण बिघडत नाही, माणसे मात्र दुखावतात. उपपदाबाबत तसे होत नाही.

परदेशी स्थळांच्या बाबतीत मराठी वृत्तपत्रांनी प्रश्न कधीच निकालात काढला आहे. इंग्रजीत हेग शहराच्या नावातील उपपद वाक्याच्या मध्येही मोठ्या अक्षराने लिहितात, पण मराठीत ‘हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय’ एवढेच पुरते. लंडनचे ओव्हल मैदानही तसेच उपपदाशिवाय येते.

अलीकडे या उपपदाला नवे आयुष्य मिळाले आहे, तेही ‘द’ या रूपात. कॅफे, रिसॉर्ट, लग्नाची लॉन्स आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा यांच्या नावांत तो मुद्दाम घातला जातो. दुकाने व आस्थापना अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने देवनागरीतील मराठी पाटी सर्व दुकानांना लागू झाली. मराठी अक्षरे आधी असावीत आणि ती अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी अट आहे. नावाचे भाषांतर करा असे कायदा म्हणत नाही. त्यामुळे इंग्रजी नावे उपपदासकट देवनागरीत आली आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या रस्त्यांवर ‘द’ पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागला.

सूचीकाराने ‘दि’, ‘द’ किंवा ‘धि’ यांचा वर्णानुक्रमात विचार करू नये. जळगाव पीपल्स बँक ‘ज’खाली शोधली जाते, ‘द’खाली नव्हे. करारपत्र, दावा किंवा धनादेश यांत मात्र नोंदणीकृत नाव उपपदासह व त्याच ऱ्हस्व-दीर्घासह लिहावे.