बंदूक कुणाच्या घरात?

कुठं अत्याचार झाला की आपल्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आता घराघरात बंदूक पाहिजे." टाळ्या पडतात. बोलणाऱ्याचं रक्त खवळलेलं असतं, आणि ते खवळणं खरं असतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पांढरपेशा सज्जन आपल्याला बुद्धाची आठवण करून देतो. ज्यांच्या वाड्यात भिंतीवर डबल बार टांगलेली आहे, त्यांना मात्र बुद्ध सांगायला तो जात नाही.

मला या दोघांशीही बोलायचंय. पण आधी इतिहासाशी. बंदूक कुणाच्या हातात दिली, कुणाच्या हातातून काढून घेतली आणि कुणाच्या घरात राहू दिली, याचा हिशेब इतिहासात लिहिलेला आहे. तो वाचल्याशिवाय टाळी वाजवणं आणि उपदेश करणं, दोन्ही फुकट.

गावगाड्यात महाराच्या हातात काय होतं? काठी. वेशीची राखण त्याची, शिवेच्या भांडणात साक्ष त्याची, सरकारी वसूल कचेरीत पोचवायचा तोही त्याच्या सोबतीनं. गावाची हद्द आणि गावाचा पैसा सांभाळायला महार चालायचा, पाणवठ्यावर चालायचा नाही. राखण आपली, हत्यार वाड्यातलं.

मग कंपनीचं राज्य आलं. तिला फौजेला माणसं पाहिजे होती. मुंबईच्या फौजेत महार भरती झाले, हातात बंदूक आली. १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कोरेगावला काय झालं ते आपल्या पोराबाळांना पाठ आहे. तिथल्या स्तंभावर कंपनीच्या मेलेल्या शिपायांची जी नावं कोरली आहेत, त्यातली २२ नावं महारांची, शेवटी 'नाक' लागलेली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले, तेव्हापासून तो स्तंभ आपला झाला.

पण स्तंभापुढं उभं राहून एक गोष्ट आपण विसरतो. ती बंदूक त्या शिपायाची नव्हती. ती कंपनीच्या कोठारातली होती. पेन्शनीत निघाला की बंदूक कोठारात जमा आणि माणूस गावाकडं. मग त्यानं घरी काय आणलं? पेन्शन आणली, अक्षर आणलं, ताठ मान आणली. फौजेत शाळा होत्या. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार अशाच फौजी शाळेत शिकवायचे, आणि बाबासाहेब १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत जन्मले. म्हणजे आपल्याला जे मिळालं ते घरातल्या बंदुकीनं मिळालं नाही. बंदुकीच्या नोकरीनं मिळालं. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

१८५७ च्या बंडानंतर इंग्रज घाबरला. त्यानं देशाची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ ला लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा आला. परवाना नसेल तर हत्यार बाळगायचं नाही. युरोपियनांना मात्र त्यातून सूट.

सूट आणखीही काहींना होती. कुर्गच्या कोडवांना १८६१ मध्येच इंग्रजांनी हत्यारबंदीतून वगळलं. त्यांनी राज्याशी इमान राखलं म्हणून हे बक्षीस. ती सूट आजही चालू आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ती २०२९ पर्यंत वाढवली, आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानंही उचलून धरली. कोडव माणसाशी माझं काही वाकडं नाही. पण बघा, या देशात बंदुकीची सूट जन्मानं मिळू शकते!

आता इमान महारांनीही राखलं होतं. त्यांना काय बक्षीस मिळालं? लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना 'लढाऊ जाती' नावाचं थोतांड बोकाळलं. कोण लढवय्या आणि कोण नाही हे जातीवरून ठरायला लागलं. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. एका जातीला घरात बंदूक ठेवायची मुभा, दुसऱ्या जातीच्या हातातली सरकारी बंदूकही काढून घेतली. मनूला जे लिहून ठेवावं लागलं, ते गोऱ्या साहेबानं एका हुकुमात केलं.

आपले म्हातारे गप्प बसले नाहीत. पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी विलायतेला भारतमंत्र्यांकडं अर्ज धाडला. मागणी काय होती? आम्हाला घरी बंदूक ठेवू द्या, अशी नव्हती. आम्हाला फौजेत घ्या, पोलिसात घ्या, अशी होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ महार नावाची पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडून टाकली. गरज सरो वैद्य मरो.

आता महाडला येऊ. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी प्यालो, आणि आपली माणसं देवळात घुसणार अशी हूल उठवून सवर्णांनी हल्ला केला. जेवत असलेल्या लोकांना मारलं, गावोगाव परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारलं. त्या परिषदेला फौजेतले पेन्शनर आले होते. महायुद्ध पाहिलेली माणसं. बाबासाहेबांनी नुसती मान हलवली असती तर महाडात काय झालं असतं? त्यांनी लोकांना आवरलं. फिर्याद दिली, खटला उभा राहिला, हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. भ्याडपणा म्हणायचा का हा? ज्याला लढाई येते तोच थांबू शकतो. ज्याला येत नाही तो थांबत नाही, तो पळतो.

आणि याच बाबासाहेबांनी फौजेचं दार ठोठावणं सोडलं नाही. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागं त्यांचा रेटा होता. १९४६ ला ती मशीनगन रेजिमेंट झाली. काठीवाल्याच्या नातवाच्या हातात मशीनगन! पण कोठारातली. सरकारी. हिशेबाची.

मग डिसेंबर १९४८ येतो, घटना समिती. हा भाग आपल्या सभेत कुणी सांगत नाही म्हणून नीट सांगतो. मूलभूत हक्कांत शस्त्र बाळगण्याचा हक्क घालावा अशी दुरुस्ती ह. वि. कामतांनी मांडली. काँग्रेसनं १९३१ ला कराचीत तसा ठराव केलेलाच होता. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती नाकारली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की ज्याला त्याला बाजारात जाऊन हत्यार विकत घ्यायचा हक्क दिला तर राज्य चालणार कसं? आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरा, हक्काचा नको.

काहींना हे पटत नाही. "बाबासाहेबांनी आपल्याला निहत्थं ठेवलं," असं म्हणणारा तरुण मला भेटलाय. मी माझ्या बुद्धीप्रमाणं वाचतो ते असं. बाजारात बंदूक आली की ती कुणाच्या घरात जाणार? ज्याच्याकडं पैसा आहे, जमीन आहे, कचेरीत वट आहे, त्याच्या. आपला माणूस दुकानाबाहेर उभा राहणार आणि हक्क मात्र दोघांचा सारखा म्हणून कागदावर लिहिलेला असणार. ज्यानं कागदावरची समता आणि पोटातली विषमता एवढी ओळखली, तो माणूस या सापळ्यात पाय कसा घालील?

खोटं वाटत असेल तर १९५९ चा शस्त्र कायदा बघा. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्यात सांगितलाय. बरोबर आहे, रानडुकरं पीक खातात. पण ज्याला शेतच नाही त्याचं कुठलं पीक? भूमिहीनाला डुक्करसुद्धा त्रास देत नाही. त्रास देणारा दोन पायांचा असतो.

त्याचं काय होतं ते बिहारनं दाखवलं. १९९४ ला भोजपुरात जमीनदारांची रणवीर सेना उभी राहिली. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे गावात या सेनेनं ५८ माणसं मारली. बहुतेक दलित, भूमिहीन. त्यात बाया होत्या, तान्ही पोरं होती. २०१० ला खालच्या कोर्टानं २६ जणांना दोषी ठरवलं. २०१३ ला पाटणा उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडलं. ५८ मढी आणि मारणारा कुणीच नाही.

इथं तरुण म्हणतो, "बघा, बाथेत बंदूक असती तर?" प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. आणि सरकारलाही तो टाळता आलेला नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम ३ काढून वाचा. अत्याचाराची भीती असलेले भाग सरकारनं हुडकावेत. तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या नात्यागोत्यातल्यांचे, नोकरचाकरांचे बंदुकीचे परवाने गरज वाटल्यास रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा हत्यारं जप्त करावीत. आणि जीवाच्या, मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना परवाने द्यावेत.

हा क्रम बघा. आधी त्यांची काढा, मग गरज पडली तर आम्हाला द्या. आम्ही मात्र घोषणा देताना शेवटचं कलम आधी घेतो आणि पहिलं कलम विसरतो. वाड्यातली बंदूक खाली उतरली तर वस्तीतल्या बंदुकीची गरज उरते का?

नावापुरतं बोलायचं तर पँथरचा दाखला देतात. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं हे खरं. ते पँथर १९६६ ला ऑक्लंडमध्ये उभे राहिले. कायद्यानं उघड बंदूक बाळगायची मुभा होती, म्हणून ते बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांवर नजर ठेवायचे. काळ्याच्या हातात बंदूक दिसली आणि १९६७ ला कॅलिफोर्नियाचा कायदाच बदलला. गव्हर्नर रोनाल्ड रेगननं सही केली. ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे शिकागोत पोलीस फ्रेड हॅम्प्टनच्या घरात शिरले. पोलिसांनी नव्वदच्या आसपास गोळ्या झाडल्या. हॅम्प्टन २१ वर्षांचा होता, अंथरुणातच मेला. घरात बंदुका होत्या. आपल्या पँथरनं त्यांचं नाव घेतलं, डरकाळी घेतली, बंदूक घेतली नाही. तिचं हत्यार मोर्चा आणि छापील कागद.

आता माझ्याच म्हणण्यावरचा सगळ्यात मोठा सवाल. बंदूक सरकारच्या कोठारात असावी म्हणतोस, मग ११ जुलै १९९७ चं काय? घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० माणसं गेली. ती कोठारातलीच बंदूक होती. २००९ ला कोर्टानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, पण गेलेली माणसं परत आली नाहीत.

याला माझ्याकडं गोड उत्तर नाही. एवढंच सांगतो. रमाबाई नगरातल्या एखाद्या झोपडीत त्या दिवशी बंदूक असती, तर १० च्या जागी १०० पडले असते आणि वर आपणच गुन्हेगार ठरलो असतो. पण सरकारी बंदुकीवर खटला तरी भरता आला. ती कुणाच्या हुकमानं सुटली, हे विचारता आलं. बाथेच्या बंदुकीला कुणाचा हुकूम होता, हे विचारायला जागाच ठेवली नाही.

म्हणून माझं मत. माझ्या घरात मला बंदूक नको. मी गिरणीत काम करतो, दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही पाच माणसं राहतो. आमच्याकडं भाकरीचा डबा लपवायला जागा नाही, काडतुसं कुठं लपवणार? आणि खरं सांगू, आपल्या वस्तीत दारूच्या रात्री त्या बंदुकीचा नेम पाटलावर लागणार नाही. आधी बायकोवर लागेल, भावावर लागेल. सकाळी पाटील मयतीला येईल.

नको म्हणतो याचा अर्थ गप्प बसा असा नाही. ज्या कार्यकर्त्याला हातात काहीतरी पाहिजे, त्यानं कागद घ्यावा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. जिल्हा कचेरीत अर्ज टाका. आमच्या तालुक्यात बंदुकीचे परवाने किती? पीकराखणीचे किती, स्वसंरक्षणाचे किती? अत्याचाराची भीती असलेले भाग कुठले ठरवले? तिथं नियम ३ खाली १९९५ पासून किती परवाने रद्द केले, आपल्या माणसांना किती दिले? जिल्हा दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसली पाहिजे. तिचा अध्यक्ष कलेक्टर, आणि जिल्ह्यात बंदुकीचा परवाना देणाराही बहुतेक तोच. दोन्ही फायली एकाच टेबलावर आहेत. त्या एकमेकीशेजारी ठेवायला लावा.

आणि शिकलेल्या पोरांनो, पोलिसात जा, फौजेत जा, वकिली करा. कोठाराची किल्ली ज्याच्याकडं, त्याच्या शेजारी आपलं माणूस उभं पाहिजे. वलंगकरबाबांचा अर्ज हेच सांगत होता.

वाड्यातली बंदूक खाली उतरेल त्या दिवशी वस्तीत कुणी बंदूक मागणार नाही. तोवर मागणाऱ्याला बुद्ध सांगू नका. आधी वाड्यावर जा.

जयभीम.