वाकस आणि बाची

बीदरचे नाव निघाले की परगावच्या पाहुण्याला तीन गोष्टी आठवतात : बहामनी किल्ला, 1472 साली उभा राहिलेला महमूद गवानचा मदरसा आणि बिदरी काम. बिदरी कलेला 2006 साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. 2023 साली बिदरीचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. आम्हा बीदरकरांना याचा अभिमान आहेच. परंतु मैलूरसारख्या, शहराला चिकटलेल्या गावांची शेती ज्यांच्या हातांवर चालली, त्या सुताराचा आणि बुरुडाचा इतिहास लिहिण्याचे कोणी फारसे मनावर घेतलेले नाही. किल्ल्यातला रंगीन महाल पाहणारा माणूस अली बरीदचे (1542-1580) नाव विचारतो. तिथले लाकडी खांब इतक्या नजाकतीने कोणी कोरले, हे तो विचारत नाही.

लाकूड नाशवंत. दगडासारखा त्याचा पुरावा शतकानुशतके टिकत नाही. म्हणून सुताराचा इतिहास शोधायचा तर तो शब्दांत आणि चालीरीतींत शोधावा लागतो. आमच्या सीमाभागात हा शोध दोन भाषांतून घ्यावा लागतो, आणि मला तरी त्यातच खरी गंमत वाटते.

वाकस हे लाकूड तासण्याचे आडव्या पात्याचे हत्यार सर्वांच्या ओळखीचे आहे. कानडीत त्यालाच बाची म्हणतात. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणला, महात्मा बसवेश्वरांभोवती जो शरणांचा मेळा जमला त्यात बाचीकायकद बसवय्या नावाचे एक शरण होते. ‘वाकसाचे कायक करणारा बसवय्या’ हा त्या नावाचा सरळ अर्थ. त्याच मेळ्यात मेदार केतय्या होते. मेदार म्हणजे बुरूड, बांबू चिरून सुपे-टोपल्या विणणारा. महाराष्ट्रातला बुरूड समाज यांनाच केतेश्वर म्हणून पूजतो. या दोघांचीही वचने कानडी वाङ्मयाने जपून ठेवली आहेत. हातातले काम हीच पूजा, असे मानणाऱ्या त्या मेळ्याला परंपरा अनुभव मंटप म्हणते. कारागीर नेमाने एकत्र बसतात, बोलतात, एकमेकांचे म्हणणे पारखून घेतात, अशा बैठकीची आपल्या भागातली ही फार जुनी आठवण म्हणायला हरकत नाही.

पुढे सुमारे शतकभराने, पश्चिमेकडे तेर गावी, गोरोबाकाकांच्या घरी संत जमल्याची कथा मराठी माणसाला पाठ आहे. मडके पक्के की कच्चे हे पाहण्याचे थापटणे गोरोबांनी संतांच्या डोक्यावर चालवले आणि नामदेव कच्चे ठरले. कथा भक्तीची आहे, पण परीक्षा कारागिराच्या हत्याराने झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

संतांच्या मेळ्यातून गावगाड्यात आले की हाच सुतार बलुतेदार म्हणून भेटतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’त बलुत्याचे तपशीलवार वर्णन आहे. वर्षभर नांगर, वखर, तिफण दुरुस्त ठेवायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे, हा व्यवहार. कानडी मुलखात बलुत्याला आय आणि बलुतेदाराला आयगार म्हणतात. तिकडेही बोलण्यात त्यांची संख्या बाराच. व्यवस्था एक, नावे दोन. या व्यवस्थेत मान होता तसा जातीचा काचही होता. बलुते देताना शेतकऱ्याचा हात आखडला तर कारागिराने दाद कुठे मागायची, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. जुन्याचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही.

लहानपणी मी सुतारमेटावर तासन्‌तास बसत असे. पाडव्यापासून मृगापर्यंत तिथे जत्रा असे. शेतकरी आपापले बाभळीचे लाकूड बैलगाडीत घालून आणायचा आणि काम होईपर्यंत तिथेच बसायचा. नुसता बसायचा नाही, करवतीचे दुसरे टोक ओढायचा, ओंडका धरायचा. कोणी मराठीत “मामा, रुमणं ढिलं झालंय” म्हणे, तर शेजारचा तीच तक्रार कानडीत सांगे. मामा दोघांनाही ज्याच्या त्याच्या भाषेत उत्तर देत. नांगराला नेगिलु, तिफणीला कूरिगे, करवतीला गरगस, बाभळीला जाली हे शब्द मी शाळेत शिकलो नाही, तिथे शिकलो.

तिथेच ओल्या लाकडाची विद्याही कानावर पडली. नुकतेच तोडलेले लाकूड ओले असते तोवर वाकसाला मऊ लागते. बाभूळ एकदा वाळली की हत्याराची धार खाते. म्हणून ठोकळ आकार ओल्यातच काढायचा, मग तो तुकडा सावलीत वाळू द्यायचा आणि शेवटचा हात वाळल्यावर फिरवायचा. उन्हात टाकला तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि लाकूड फाटते. मामांना याचे शास्त्र ठाऊक नव्हते, नियम ठाऊक होता. शास्त्र असे, की लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 25 ते 30 टक्क्यांखाली उतरू लागला की ते आकसायला लागते, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट आकसते. लाकूड वाकडे होते आणि तडकते ते यामुळे. बुरुडाचे तर सारे काम ओल्यावरच. हिरव्या बांबूच्या कामट्या हव्या तितक्या पातळ निघतात. वाळक्या बांबूच्या मोडतात.

या विद्येची शाळा भरायची ती अमावास्येला. त्या दिवशी सुतार, गवंडी काम बंद ठेवतात, ही चाल आजही आपल्याकडे आहे. हत्यारे धुवायची, धार लावायची आणि मग गप्पा. शेजारच्या गावचे कारागीर येत, कोणाचे नवे वाकस हातात घेऊन पाहत, कोणाचा तडकलेला तुंबा मध्ये ठेवून चूक कुठे झाली याचा काथ्याकूट होई. पोरांच्या हाती टाकाऊ तुकडा आणि जुने किंकरे दिले जाई. हजेरीपट नव्हता, पण महिन्याची तिथी चुकत नसे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला, उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात आणि जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. कचेरीची भाषा बदलली, पोरांच्या शाळांचा पेच उभा राहिला. त्याची झळ आपण सर्वांनीच सोसली आहे. येळवस मात्र लातूरकडे आणि बीदरकडे त्याच अमावास्येला होत राहिली आणि वाकसाला बाची म्हणणारे ते हत्यार त्याच हाताने धरत राहिले.

सुतारमेट मोडले ते सीमेमुळे नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 साली लोखंडी नांगर काढला, तेव्हाच लाकडी नांगराचे दिवस भरत आले होते. नंतर गाडीला रबरी टायर आले आणि आरे, पाटे, धाव यांचे काम संपले. मग ट्रॅक्टर आला. बुरुडाच्या सुपासमोर प्लॅस्टिक येऊन बसले. बलुते गेले याचे दुःख नाही. पण त्याबरोबर एकत्र बसणेही गेले. आजचा सुतार प्लायवूड कापतो, चांगली मजुरी मिळवतो. त्याला दोष देता येणार नाही.

सरकारने 2023 साली पीएम विश्वकर्मा योजना आणली. तिच्यातील अठरा व्यवसायांत सुतार आणि टोपल्या विणणारेही आहेत, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. 2017 साली कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर वाढवलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला, तोडणीची अडचण कमी झाली. हे स्वागतार्हच आहे. परंतु ओल्या बाभळीवर वाकस कोणत्या कोनात धरायचे, हे हत्यारांच्या पेटीत येत नाही. ते शेजारी बसूनच शिकावे लागते.

इंग्लंडमध्ये चिल्टर्नच्या टेकड्यांवर बीच वृक्षाच्या ओल्या लाकडातून खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर होते. तो धंदा कारखान्यांनी विसाव्या शतकात संपवला. पण तिथल्या हौशी लोकांनी 1990 साली संघटना उभारली. आता गावोगावचे गट ठरावीक दिवशी जमतात, पायाने चालणाऱ्या कातणीवर ओले लाकूड कातून खुर्च्या आणि चमचे करतात. खुर्चीच्या थोड्या ओल्या पायात वाळकी आडवी दांडी ठोकायची, म्हणजे पाय वाळताना तिला आवळून धरतो, ही युक्ती ते नव्या पोरांना शिकवतात. पोटाचा धंदा बुडाला तरी बैठक जगवता येते, एवढे तरी यावरून दिसते.

आपल्याकडे हे अवघड नाही. तिथी ठरलेली आहे, जुने कारागीर अजून गावोगाव आहेत. शाळेने महिन्यातून एक दिवस एखाद्या मामांना बोलवावे, ओली बाभूळ आणि हिरवा बांबू समोर ठेवावा. पोरांनी प्रत्येक हत्याराचे मराठी आणि कानडी नाव एकाच पानावर शेजारी शेजारी लिहून घ्यावे. कल्याणच्या बसवय्यांचे नाव आठशे वर्षांहून अधिक टिकले, ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणून. लक्ष्मीपूजनही अमावास्येलाच येते. या दिवाळीत आपल्या गावच्या सुताराच्या घरी फराळाचे ताट घेऊन जावे आणि सोबत एक वहीही न्यावी, एवढीच वाचकांना विनंती आहे.